गुटगुटीत म्हणजे किती? मुलाच्या वजनाबाबत घरातल्या मोठ्यांनी काय करावे

मराठीत लहान मुलाच्या अंगकाठीसाठी आपण रोज जे शब्द वापरतो, ते एकदा कागदावर लिहून पाहावेत. गुटगुटीत, बाळसेदार, गोबरा, अंगाने भरलेला, खात्यापित्या घरचा हे सगळे कौतुकाचे शब्द आहेत. किडकिडीत, हडकुळा, काडीपैलवान, पाप्याचे पितर हे सगळे तक्रारीचे. मूल आठ-नऊ वर्षांचे होईपर्यंत घरातले आणि शेजारपाजारचे लोक पहिल्या यादीतले शब्द आनंदाने वापरतात, आणि मग एखाद्या लग्नात किंवा गणपतीत भेट झाली की तेच लोक त्याच मुलाला ‘ढोल्या’, ‘ढब्बू’, ‘किती सुटलास रे’ असे म्हणू लागतात. मुलाच्या बाजूने पाहिले तर त्याने वेगळे काहीच केलेले नसते. ज्या खाण्याबद्दल त्याला काल शाबासकी मिळत होती, त्याच खाण्याबद्दल आज त्याला टोमणे ऐकावे लागतात.

हा लेख साधारण चार ते बारा वर्षांच्या मुलांच्या घरांसाठी आहे. मी एका दहा वर्षांच्या मुलीचा बाप आहे. तीन वर्षांपूर्वी बालरोगतज्ज्ञांनी तिचा वाढीचा तक्ता आमच्यासमोर ठेवला, तेव्हा घरातल्या आम्हा चौघा मोठ्यांपैकी एकालाही तिचे वजन जास्त आहे असे वाटत नव्हते. त्यानंतर आम्ही जे केले, त्यात जे चुकले आणि वाचून-विचारून जे समजले, ते येथे मांडतो. एक गोष्ट आधीच स्पष्ट केलेली बरी. मुलाचे वजन हा मुलाने सोडवायचा प्रश्न नव्हे. मूल किराणा आणत नाही, कुकर लावत नाही, टीव्ही कोणत्या खोलीत ठेवायचा हे ठरवत नाही. बदलायचे ते घराने, आणि त्यातही आधी मोठ्यांच्या नजरेने.

आजीची भीती खोटी नाही

नातवंडांना भरवण्याचा आजी-आजोबांचा आग्रह हा अडाणीपणा आहे, असे समजून सुरुवात केली तर पहिल्याच दिवशी घरात भांडण होते आणि काम तिथेच थांबते. ज्यांचे बालपण किंवा तारुण्य १९७२च्या दुष्काळात गेले, ज्यांनी सुकडी आणि लाल मिलोच्या भाकरीवर दिवस काढले, ज्यांच्या भावंडांपैकी एखादे जुलाबाने किंवा गोवराने गेले, त्यांच्या दृष्टीने मुलाच्या अंगावरचे चार किलो जास्तीचे मांस म्हणजे आजारपणासाठी बाजूला ठेवलेली शिल्लक होती. त्या काळात ते खरेही होते. आजही महाराष्ट्रातील कुपोषण संपलेले नाही. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार राज्यातील पाच वर्षांखालील सुमारे ३५ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने कमी आहे. मात्र त्याच सर्वेक्षणात जादा वजनाच्या मुलांचे प्रमाण ४.१ टक्के आढळले, जे २०१५-१६मध्ये १.९ टक्के होते. म्हणजे एकाच राज्यात दोन्ही प्रश्न शेजारी शेजारी उभे आहेत, आणि आपले मूल कोणत्या बाजूला आहे हे आठवणींवरून किंवा भीतीवरून ठरवता येत नाही.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३पासून पुण्याजवळच्या सहा गावांमध्ये गरोदर स्त्रिया आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. तिथल्या बाळांची इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांशी तुलना केली, तेव्हा आपली बाळे सरासरी २.७ किलोची आणि तिकडची ३.५ किलोची होती; तरीही आपल्या बाळांच्या त्वचेखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती, कमी होते ते स्नायू. दिसायला बारीक आणि आतून चरबी जास्त, अशी ही ठेवण आहे. त्यामुळे ‘बाळ बारीक जन्माला आले, आता त्याला लवकर गुटगुटीत करू’ हा आपला नेहमीचा बेत, म्हणजे कमी वजनाच्या बाळाचे वजन पुढे उंचीच्या तुलनेत झपाट्याने वाढवणे, मधुमेहाच्या दृष्टीने विशेष धोक्याचा ठरतो. आजीला ही गोष्ट समजावून सांगितली तर ती ऐकते, असा माझा अनुभव आहे, कारण घरात कुणाला ना कुणाला साखरेचा विकार असतोच आणि त्याचे हाल तिने जवळून पाहिलेले असतात.

नजरेवर विसंबू नका, मोजा

पालकांची नजर चुकते, आणि ती एकाच दिशेने चुकते. निरनिराळ्या देशांतील अनेक अभ्यास एकत्र करून २०१४मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यानुसार, ज्यांच्या मुलांचे वजन खरोखर जास्त होते अशा पालकांपैकी सुमारे निम्म्यांना ते जास्त वाटतच नव्हते. यात प्रेमाचा भाग आहे, तसाच सवयीचाही आहे. सोसायटीतली, वर्गातली बरीचशी मुले अंगाने भरलेली असली की आपले मूल त्यांच्यात सर्वसाधारण दिसते, आणि जे मूल खरोखर बेताच्या वजनाचे असते ते आपल्याला अशक्त वाटू लागते. ‘हाडे मोठी आहेत’, ‘आमच्याकडे सगळे असेच’, ‘उंची वाढली की झडेल’ ही वाक्ये मग आपोआप तोंडी येतात.

यावर उपाय म्हणजे मोजपट्टी. पाच वर्षांपुढच्या मुलाची उंची आणि वजन सहा महिन्यांतून एकदा मोजावे, त्याहून अधिक वेळा मोजू नये. उंचीसाठी मुलाला अनवाणी, टाचा भिंतीला टेकवून, समोर पाहत उभे करावे. डोक्यावर जाड पुठ्ठ्याचे पुस्तक भिंतीशी काटकोनात धरून खाली पेन्सिलची खूण करावी आणि ती खूण धातूच्या मोजपट्टीने मोजावी, शिवणकामाच्या फितीने नव्हे, कारण ती ताणली जाते. वजन सकाळी, हलक्या कपड्यांत करावे. मग किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागावे; येणाऱ्या आकड्याला बीएमआय म्हणतात. उदाहरणार्थ, नऊ वर्षांचा मुलगा १३२ सेंटिमीटर उंच आणि ३८ किलो वजनाचा असेल, तर १.३२ गुणिले १.३२ म्हणजे सुमारे १.७४, आणि ३८ भागिले १.७४ म्हणजे सुमारे २१.८.

येथे बरेच जण फसतात. मोठ्या माणसांच्या कोष्टकात २१.८ हा अगदी उत्तम आकडा आहे, म्हणून घरातले निर्धास्त होतात. मुलांसाठी मात्र वयानुसार आणि मुलगा-मुलगी यांच्यासाठी वेगळे तक्ते असतात, आणि नऊ वर्षांच्या मुलाच्या तक्त्यावर हा आकडा जादा वजनाच्या रेषेच्या बराच वर जातो. पाच ते अठरा वर्षांच्या भारतीय मुलांसाठी बालरोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने, म्हणजे इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सने, २०१५मध्ये असे तक्ते तयार केले आहेत. पाच वर्षांखालील मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटनेचे २००६चे तक्ते वापरतात. ते बालरोगतज्ज्ञांकडे असतात. मागून घ्यावेत आणि आपले बिंदू आपण स्वतः मांडावेत. एका बिंदूवरून निष्कर्ष काढू नये. तीन-चार बिंदू झाले की रेष कोणत्या दिशेने चालली आहे ते दिसते आणि महत्त्व त्या दिशेला असते. तक्ता हाताशी नसेल तर एक सोपी खूण अशी की कमरेचा घेर उंचीच्या निम्म्याहून कमी असावा. १३२ सेंटिमीटर उंचीच्या मुलाची कंबर ६६ सेंटिमीटरच्या आत हवी.

आम्ही आमच्या घरी एक गोष्ट केली, तिचा फार उपयोग झाला. मुलगी झोपल्यावर चौघांनी चार चिठ्ठ्यांवर, एकमेकांना न दाखवता, ती आपल्याला बारीक वाटते, बेताची वाटते की जास्त वाटते ते लिहिले. तिघांनी ‘बेताची’ लिहिले आणि माझ्या आईने ‘बारीक’. मग तक्ता उलगडला. त्या रात्री कुणी कुणाला दोष दिला नाही, कारण चूक सगळ्यांचीच होती. हा प्रयोग फक्त मोठ्यांसाठी आहे. मुलाला यात ओढू नये, आणि वजनाचा काटाही त्याच्या खोलीत ठेवू नये.

तीन दिवस वही ठेवा

वजन कळले की दुसऱ्याच दिवशी पोळ्या मोजायला सुरुवात होते. ती घाई टाळावी. आधी तीन दिवस, त्यातला एक सुट्टीचा, मुलाला कोणी, किती वाजता, काय दिले हे स्वयंपाकघरातल्या एका वहीत लिहावे. प्रत्येकाने आपापले लिहावे आणि कुणी कुणाला बोलू नये, एवढाच नियम.

आमच्या वहीतल्या एका मंगळवारची नोंद अजून माझ्याकडे आहे. चार वाजता शाळेतून आल्यावर आजीने एक पेला दूध दिले, त्यात दोन चमचे चॉकलेटची पावडर आणि एक चमचा साखर, सोबत चार बिस्किटे. पाच वाजता आजोबा तिला खाली फिरायला घेऊन गेले आणि येताना त्यांनी आंब्याच्या रसाचा छोटा खोका घेऊन दिला. साडेपाचला शेजारच्या काकूंकडे अर्धी वाटी फरसाण. सव्वासातला मी ऑफिसमधून येताना दोन पॅटिस आणली, त्यातले एक तिने खाल्ले. साडेआठला जेवायला बसली तेव्हा तिने भाजी बाजूला सारली आणि आईने ‘काहीच खाल्लं नाहीस’ म्हणून तूप-साखरेची पोळी गुंडाळून दिली. प्रत्येकाने दिवसातून एकदाच, प्रेमाने आणि थोडेसेच दिले होते. बेरीज मात्र कुणालाच माहीत नव्हती.

अशी वही समोर आली की काय करायचे ते बहुधा आपोआप दिसते. आम्ही चार वाजताचे खाणे एकट्या आजीकडे सोपवले आणि बाकीच्यांनी त्या आणि जेवणाच्या मधल्या वेळात काही द्यायचे नाही असे ठरवले. दुधातली पावडर बंद झाली, साखर महिन्याभरात एका चमच्यावरून शून्यावर आली. बाटलीतली आणि खोक्यातली गोड पेये घरात आणणे थांबवले. या एका बदलाला मी सर्वांत जास्त महत्त्व देईन. कोलासारख्या पेयात १०० मिलिलिटरला सुमारे १० ते ११ ग्रॅम साखर असते, म्हणजे २०० मिलिलिटरच्या एका बाटलीत चार-पाच चमचे, आणि एवढी साखर पोटात जाऊनही भूक तशीच राहते. फळाच्या रसाच्या खोक्यांचीही गत फार वेगळी नसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५च्या शिफारशीनुसार वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या दहा टक्क्यांच्या आत असावी आणि जमल्यास पाच टक्क्यांच्या. बाटली बंद झाली की या हिशेबातला मोठा भाग काहीही न मोजता निकालात निघतो.

मधल्या वेळच्या खाण्यासाठी बाजारातून वेगळे ‘हेल्दी’ पाकीट आणण्याची गरज नाही. भाजलेले चणे-दाणे, उकडलेले रताळे, मटकीची उसळ, थालीपीठ आणि दही, काकडी, पेरू, कधी मूठभर चुरमुऱ्यांची भेळ, हे सगळे आपल्या स्वयंपाकघरात आहेच. आजीला ते करता येते आणि करायला आवडते.

‘अजून एक घास’

मूल जन्मतः भूक आणि पोट भरणे या दोन्ही गोष्टी ओळखते. तान्हे बाळ पोट भरले की तोंड फिरवते. एक घास चिऊचा आणि एक घास काऊचा, असे करत आपण त्या फिरवलेल्या तोंडात घास घालायला लागतो, पुढे चिऊ-काऊची जागा मोबाइल घेतो, आणि मूल पोटाचे ऐकायचे हळूहळू विसरते. मोबाइलसमोर बसलेले मूल काय आणि किती गिळते आहे ते त्याचे त्यालाच कळत नाही, म्हणून जेवताना कोणताही पडदा चालू नसावा, मोठ्यांचाही नाही.

आहारतज्ज्ञ पालकांना जबाबदारीची एक वाटणी सांगतात आणि ती मला फार उपयोगी वाटली. काय शिजवायचे, किती वाजता वाढायचे आणि कुठे बसून जेवायचे हे मोठ्यांनी ठरवावे. वाढलेल्यातले किती खायचे हे मुलाने ठरवावे. ऐकायला सोपे आहे, करायला अवघड, कारण आपला हात सतत मुलाच्या वाटणीत जातो. मूल म्हणते ‘पोट भरलं’, आपण म्हणतो ‘एवढ्यात कसं भरलं?’ आणि भाताची आणखी एक मूद ताटात पडते. या एका प्रश्नातून मुलाला त्याच्या पोटावर अविश्वास ठेवायला आपण शिकवतो.

‘पानात टाकायचे नाही’ या संस्काराचे काय, असे येथे कुणीतरी विचारतेच, आणि प्रश्न रास्त आहे. अन्न वाया जाऊ नये हे मलाही तितकेच महत्त्वाचे वाटते. त्यासाठी नियम सोडायचा नाही, वाढण्याची पद्धत बदलायची. पहिल्या वाढीला मुलाच्या ताटात एक लहान पोळी, छोट्या डावाने भाजी, अर्धी वाटी वरण आणि मूठभर भात एवढेच वाढावे. त्याने मागितले तर निःशंकपणे पुन्हा वाढावे. जे स्वतः मागून घेतले ते संपवायचे, ही शिस्त मुलाला पटते. दुसऱ्याने वाढलेले संपवायचे, ही शिस्त त्याच्या भुकेवर अन्याय करते. मूल भरभर जेवत असेल तर दुसरी पोळी देण्याआधी पाच मिनिटे गप्पांमध्ये जाऊ द्यावीत. सगळे एकत्र जेवायला बसले तर हे सहज घडते.

भाजीसाठी मागे लागण्याने उलटेच होते. अमेरिकेत बालवाडीच्या मुलांवर झालेल्या एका प्रयोगात, ज्यांना ‘सूप संपव’ असे वारंवार सांगितले गेले त्या मुलांनी ते कमी प्यायले आणि त्याला नावेही अधिक ठेवली. भाजी रोज थोडी पानात असावी, मोठ्यांनी ती त्याच्या देखत आवडीने खावी, आणि त्याच्यापुढे फक्त ती ठेवत राहावे. आमच्याकडे दुधी भोपळ्याला सुमारे एक वर्ष लागले. कारले अजून व्हायचे आहे.

गोड पदार्थांबद्दल दोन टोके टाळावीत. ‘भाजी संपवलीस तर श्रीखंड’ असे म्हटले की भाजी ही शिक्षा आणि श्रीखंड हे बक्षीस, असा अर्थ पक्का होतो. दुसरीकडे, डबा सर्वांत वरच्या फळीवर लपवून ‘हे तुझ्यासाठी नाही’ असे सांगणेही तितकेच वाईट. लीन बर्च या संशोधिकेने आपल्या सहकाऱ्यांसह १९९९मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, समोर दिसणारा पण खायला बंदी असलेला खाऊ मुलांना आधीपेक्षा अधिक हवाहवासा वाटू लागला, हे स्पष्ट दिसले. त्यापेक्षा रोजच्या घरात तो खाऊ नसावाच, आणि ज्या दिवशी आणला त्या दिवशी सर्वांनी मिळून, बशीत घेऊन, मन मोकळे ठेवून खावा. गणेश चतुर्थीचा उकडीचा मोदक मुलाने पोटभर खावा. कुणी त्याच्या ताटाकडे डोळे वटारून पाहू नये. काळजी करायची ती चतुर्थीची नव्हे, त्यानंतर आठवडाभर फ्रिजमध्ये राहिलेल्या पेढ्यांच्या खोक्यांची. दिवाळीतही डबे मांडीवर घेऊन टीव्हीपुढे बसण्याऐवजी फराळ बशीत वाढून घ्यावा, एवढे पुरते.

शिक्का मारू नका

आता सर्वांत नाजूक भाग. वर म्हटले की निम्म्या पालकांना मुलाचे वजन जास्त आहे हे ओळखता येत नाही. मग ज्यांना ओळखता येते त्यांची मुले सुधारत असतील, असे वाटेल. ऑस्ट्रेलियातील मुलांच्या अनेक वर्षांच्या पाहणीवरून २०१७मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने याच्या उलट दाखवले. चार-पाच वर्षांच्या वयात ज्यांचे पालक त्यांना ‘जाड’ समजत होते, त्या मुलांचे वजन चौदा-पंधरा वर्षांपर्यंत अधिक वाढले, सुरुवातीचे खरे वजन काहीही असले तरी. त्या मुलांना स्वतःचे शरीर नावडू लागले होते आणि ती वजन कमी करायच्या खटपटी करत होती. वजन वाढण्याचा काही भाग त्यातूनच आला असावा, असे संशोधकांचे म्हणणे आहे.

या दोन गोष्टी एकत्र ठेवल्या की मोठ्यांचे काम स्पष्ट होते. वजन जास्त आहे हे आपण ओळखायचे, त्यावर घर बदलायचे, आणि मुलावर त्याचा शिक्का मारायचा नाही. मी स्वतः येथे चुकलो. तक्ता पाहिल्यानंतरच्या आठवड्यात मी जेवताना तिच्या तिसऱ्या पोळीकडे पाहून ‘पुरे आता, डॉक्टर काय म्हणाले ठाऊक आहे ना’ असे म्हणालो. ती काही बोलली नाही. दोन दिवसांनी तिच्या दप्तराच्या पुढच्या कप्प्यात बिस्किटांच्या पुड्यांचे रिकामे कागद सापडले. सात वर्षांच्या मुलीने लपून खायला माझ्या एका वाक्यावरून सुरुवात केली होती, आणि तो विश्वास परत मिळवायला मला कित्येक महिने लागले.

म्हणून घरात काही ठराव असावेत. मुलाच्या, किंवा इतर कुणाच्याही, शरीराच्या आकारावर कौतुकाने किंवा चेष्टेने बोलायचे नाही; टीव्हीवरच्या जाड माणसाला हसायचेही नाही. भावंडांची ताटे वेगळी करायची नाहीत. बारीक भावाला तूप आणि जाड बहिणीला कोरडी पोळी, असे करणे म्हणजे दोघांनाही चुकीचे शिकवणे आहे. आई आरशासमोर उभी राहून ‘माझं पोट किती सुटलंय’ म्हणते, बाबा स्वतःच्या ढेरीवर विनोद करतात, तेव्हा मुले ऐकत असतात आणि तीच फूटपट्टी स्वतःला लावतात. मुलगा आणि मुलगी यांच्यात आपण करतो तो भेदही तपासावा. मुलगा जाड असला की तो ‘दणकट’ होतो आणि त्याच्या तब्येतीकडे दुर्लक्ष होते. मुलगी तशी असली की वयाच्या दहाव्या वर्षी तिच्या लग्नाची चर्चा सुरू होते आणि तिच्या तब्येतीऐवजी दिसण्यावर सगळ्यांचे लक्ष जाते. दोघांचेही नुकसानच होते.

नातेवाईकांसाठी उत्तर आधी ठरवून ठेवावे, कारण आयत्या वेळी आपण ओशाळे हसून गप्प बसतो आणि मुलाला ते संमतीसारखे वाटते. लग्नात कुणी आत्याबाई ‘काय गं, किती सुटलीस!’ म्हणाल्या, तर ‘आत्या, तिने या वर्षी पोहायला शिकलंय, ते विचारा ना’ असे शांतपणे, मुलीला ऐकू जाईल असे म्हणावे. पुन्हा तेच झाले तर त्यांना बाजूला घेऊन स्पष्ट सांगावे की हा विषय तिच्यासमोर नको.

आणि मूल स्वतः विचारेल, ‘मी जाडी आहे का?’ त्या वेळी ‘छे, मुळीच नाही’ असे म्हणून विषय उडवू नये, कारण वर्गात तिला काय म्हणतात ते तिला ठाऊक असते. आधी विचारावे, ‘कुणी काही म्हणालं का?’ मग ऐकून घ्यावे. त्यानंतर सांगावे की सगळ्यांची शरीरे वेगवेगळी असतात, वाढत्या वयात ती बदलतात, आपण सगळेच घरात चांगले खायचे, खेळायचे आणि वेळेवर झोपायचे असे ठरवले आहे, आणि चिडवणाऱ्यांचे काय करायचे ते आपण दोघे मिळून पाहू. शाळेतली चिडवाचिडवी चालूच राहिली तर वर्गशिक्षकांना भेटावे, आणि बोलताना वजनाचा नव्हे, चिडवण्याचा विषय काढावा.

खेळ आणि झोप

पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी दिवसातून सरासरी साठ मिनिटे दम लागेल अशी हालचाल करावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. त्यासाठी जिम नको. लंगडी, लगोरी, डबा ऐसपैस, सायकल, दोरीवरच्या उड्या पुरतात. अडचण असते ती वेळेची, आणि ती वेळ बहुधा संध्याकाळच्या क्लासने घेतलेली असते. दोन क्लासपैकी एक सोडता येईल का, याचा विचार करावा. वजन कमी करण्यासाठी म्हणून मुलाला एकट्याला पळायला पाठवू नये. रात्री जेवणानंतर आजोबांसह सगळ्यांनी शतपावलीला जावे, रविवारी जवळच्या टेकडीवर जावे.

झोपेकडे सर्वांत कमी लक्ष जाते. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला नऊ ते बारा तास झोप लागते. सकाळी साडेसहाला बस येत असेल तर साडेपाचला उठायचे, म्हणजे साडेआठला अंथरुणात. झोप अपुरी झाली की दुसऱ्या दिवशी भूक वाढते आणि ती गोड-तळलेल्याकडे वळते.

डॉक्टरांकडे जाताना

वाढत्या मुलाच्या बाबतीत बहुतेक वेळा उद्दिष्ट वजन उतरवण्याचे नसते. वजन जिथे आहे तिथे राहावे आणि उंची वाढत जावी, एवढे पुरेसे ठरते. म्हणून मुलाला उपास, पावडरी, जाहिरातीतले डाएट यांपैकी काहीही देऊ नये. मात्र काही लक्षणे दिसली तर वाट न पाहता बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. मानेवर किंवा काखेत काळसर, मखमलीसारखा पट्टा दिसणे (तो मळ नसतो, घासून जात नाही), झोपेत मोठ्याने घोरणे किंवा श्वास अडकणे, गुडघे किंवा खुबा दुखणे, वजन वाढत असून उंची थांबल्यासारखी वाटणे, लपून खाणे किंवा खाल्ल्यावर मुद्दाम उलटी करणे, ही ती लक्षणे. ‘थायरॉइड असेल’ असे घरात अनेकदा म्हटले जाते. नुसत्या थायरॉइडमुळे लठ्ठ झालेली मुले थोडी असतात आणि त्यांची उंची सहसा खुंटलेली असते. चाचणीची गरज आहे का ते डॉक्टरांना ठरवू द्यावे.

भेटीला जाताना तीन दिवसांची वही आणि उंची-वजनाच्या नोंदी सोबत न्याव्यात. शक्य असेल तर आजीला बरोबर न्यावे, कारण तिच्या शंका तिने स्वतः विचारल्या तरच फिटतात. माझ्या आईने डॉक्टरांना ‘मग तूप पूर्ण बंद का?’ असे विचारले, आणि वरणभातावर एक लहान चमचा चालेल हे उत्तर ऐकल्यावर ती आमच्या बाजूची झाली. डॉक्टरांना आधी फोन करून सांगून ठेवावे की वजनाचे आकडे आणि त्यावरची चर्चा मूल खोलीबाहेर असताना करावी. तपासून झाल्यावर मुलाला आजोबांबरोबर बाहेरच्या बाकावर बसवावे, त्याच्या हातात चित्रांचे पुस्तक द्यावे, आणि मग दार लावून घेऊन आपले प्रश्न विचारावेत.